ब्रशकटरचं (खांद्यावरच्या गवत कापायच्या यंत्राचं) केसिंग: मॅग्नेशियमचंच ठेवावं की गनमेटलचं (तांबं-कथलाचं) करावं?

आर्वीचा_लेथवाला
नमस्कार मंडळी. आर्वीकडच्या एका खेड्यात माझं लेथ-वेल्डिंगचं दुकान आहे. निंदणाला बाया मिळत नाहीत, त्यामुळे गावात ब्रशकटर वाढले आणि माझ्या दुकानात मोडके ब्रशकटर वाढले.

सध्या टेबलावर एका ब्रशकटरचं क्लचचं केसिंग पडलंय. दांडी बसते तिथला कान मुळापासून तुटलाय. हातात घेतलं तर अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही हलकं लागतं. आतल्या बाजूला उठावाच्या बारीक अक्षरांत 'एझेड ९१ डी' लिहिलंय. तुटलेला भाग राखाडी आणि खडबडीत दिसतो, कुठेही वाकल्याची खूण नाही.

गिऱ्हाईक म्हणतं वेल्डिंग मारून द्या. काका (दुकान मूळचं त्यांचंच) म्हणतात, "त्या पापडाला कायले वेल्डिंग मारतं, गनमेटलचं ओतून आन अन् लेथवर घे, नातवापर्यंत टिकते." गनमेटलचे आणि पितळेचे बुश आम्ही रोज करतो, त्यामुळे तो धातू ओळखीचा. मॅग्नेशियमला मात्र आजवर हात लावलेला नाही.

तर जाणकारांना विचारतो, तांब्याचे अलॉय (मिश्रधातू) आणि मॅग्नेशियमचे अलॉय यांच्यात नेमका फरक काय? ताकद, वजन, गंज, उष्णता, सगळंच सांगा. आणि काकांचं ऐकावं का?

कापूसकोंड्या
मॅग्नेशियम त मी लाल्यावर फवारतो बाप्पा. त्याचं केसिंग कसं बनते? पाण्यात इरघळून जाईन ना राजेहो 😀

आर्वीचा_लेथवाला
@कापूसकोंड्या भाऊ, ते मॅग्नेशियम सल्फेट. हे धातूचं चाललंय.

कापूसकोंड्या
हाव ना, समजलं. गंमत केली. पण कोणाच्या कपाशीची पानं लाल पडून रायली असतील त सांगून ठेवतो, दहा लिटरले शंभर ग्रॅम, म्हणजे एक टक्का. धागा चालू द्या.

निवृत्त_ओतारी
नागपूरला फाउंड्रीत नोकरी झाली, म्हणून बोलतो. जरा लांबेल.

'एझेड ९१' म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ९ टक्के, जस्त १ टक्का, बाकी मॅग्नेशियम. 'ए' अ‍ॅल्युमिनियमचा, 'झेड' झिंकचा. शेवटचा 'डी' शुद्धतेची प्रत सांगतो, आणि तीच या अलॉयची खरी किंमत आहे. त्यात लोखंड, निकेल आणि तांबं अगदी मोजून ठेवावं लागतं. तांब्याची मर्यादा ०.०३ टक्के, म्हणजे दहा किलो रसात तीन ग्रॅम. त्याच्या वर गेलं की ते ओतकाम खाऱ्या हवेत टिकत नाही. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं: मॅग्नेशियमला तांबं सोसत नाही.

आता वजन. एक घन सेंटिमीटर मॅग्नेशियमचं वजन १.७४ ग्रॅम, एझेड ९१ चं १.८ च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियम २.७, लोखंड ७.८७, पितळ साडेआठच्या आगेमागे, तांबं ८.९६. तुमचं केसिंग समजा चारशे ग्रॅमचं आहे. तेच, त्याच मापात, गनमेटलचं केलं तर दोन किलोच्या घरात जाईल. ब्रशकटर खांद्याला अडकवून माणूस दिवसभर धुऱ्यावर चालतो. वरचा दीड किलो सकाळी नाही, पण दुपारी तीन वाजता नक्की कळतो.

ताकदीचं म्हणाल तर एझेड ९१ ताणून तुटतं साधारण २३० मेगापास्कलला. ओतीव गनमेटल २५० ते ३००. म्हणजे नुसत्या आकड्यात गनमेटल थोडंच पुढे, वजन मात्र जवळपास पाचपट. गनमेटलची खरी करामत वेगळीच आहे. ते फिरत्या शाफ्टखाली झिजत नाही, तेल धरतं, पाण्यात टिकतं. ८८ तांबं, १० कथील, २ जस्त हे प्रमाण उगाच टिकलेलं नाही. बुश त्याचाच करावा, केसिंग नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्या तुकड्याला ग्राइंडर लावू नका. लोखंड घासलेल्या चाकावर तर अजिबात नाही. मॅग्नेशियमची भुकटी पेटते, आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकलं तर हायड्रोजन सुटून भडका वाढतो. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडरही उपयोगी नाही, त्यातसुद्धा ते जळत राहतं. बाजूला कोरडी, पूर्ण कोरडी वाळू ठेवा. नाल्यातून आणलेली ओली नको.

झाडीपट्टीतला
काकांच्या बाजूने मी. आमचा भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो, आजीच्या लग्नातला गुंड अजून पाणी भरतो. कोणत्या मॅग्नेशियमच्या भांड्याने दोन पिढ्या काढल्या दाखवा! हे हलकं सामान म्हणजे कंपनीची युक्ती: दर हंगामात तुटायचं, दर हंगामात नवं घ्यायचं.

शिवाय तांबं तर आपल्या दाराशी आहे. गोंदियाच्या पलीकडे बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची खाण. आणि मॅग्नेशियमचंच म्हणाल तर तुमसरकडे त्याच्याही खाणी आहेत की.

निवृत्त_ओतारी
@झाडीपट्टीतला तुमसरकडे डोंगरी बुजुर्ग, चिखला इथे निघतं ते मँगनीज. काळं, जड, पोलाद कारखान्यात जाणारं. मॅग्नेशियम वेगळं. योगायोग असा की एझेड ९१ मध्ये चिमूटभर मँगनीज मुद्दाम घालतात. ते रसातलं लोखंड धरून तळाशी बसतं आणि गंज कमी होतो. तेवढ्यापुरता तुमचा भंडारा या केसिंगमध्ये आहे असं समजा 😀

मॅग्नेशियम निघतं डोलोमाइट नावाच्या दगडापासून. तो चंद्रपूर-यवतमाळकडे आहे, पण त्याचा धातू करायचा तर फेरोसिलिकॉनसोबत निर्वात भट्टीत सुमारे १२०० डिग्रीपर्यंत तापवावा लागतो. वीज-कोळसा भरपूर खातं ते. जगातलं बहुतेक मॅग्नेशियम आज चीनमध्ये होतं ते त्यामुळेच.

दारव्ह्याची_माहेरवाशीण
मी मेकॅनिकल इंजिनिअर, माहेर दारव्हा, सध्या पुण्यात. ओतारी काकांनी ताकद सांगितली, मी ताठपणाबद्दल लिहिते, कारण केसिंगमध्ये तोच जास्त लागतो.

धातू किती ताठ राहतो याचं माप म्हणजे यंगचा गुणांक. पोलादाचा साधारण २०० गिगापास्कल, तांब्याचा १२० च्या आसपास, पितळेचा १००, अ‍ॅल्युमिनियमचा ७०, मॅग्नेशियमचा फक्त ४५. इथे मॅग्नेशियम सगळ्यात मऊ वाटतं. पण प्रत्येकाला त्याच्या घनतेने भागून बघा. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम तिघंही पंचवीसच्या आसपास येतात. तांबं तेरा-चौदा, पितळ बारा. म्हणजे वजनाच्या हिशेबात तांब्याचे अलॉय निम्म्यावर.

खरी गंमत पुढे आहे. पातळ पत्रा वाकवायचा तर त्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, जाडी दुप्पट केली तर आठपट. आता सारख्याच वजनाचे दोन पत्रे घ्या, एक पितळेचा, एक मॅग्नेशियमचा. मॅग्नेशियमचा पत्रा पावणेपाचपट जाड येईल. गुणांक निम्म्याहून कमी असूनही तो वाकायला चाळीसपटीहून जास्त ताठ निघतो. म्हणून चेन-सॉ, ब्रशकटर, कॅमेऱ्याचे सांगाडे, मोटारीच्या स्टीअरिंगची आतली चौकट, या सगळ्यांत मॅग्नेशियम येतं. ती कंपनीची युक्ती नाही, झाडीपट्टीकर दादा.

पण तांब्याच्या घराण्यात एक पैलवान आहे तेही सांगते. बेरिलियम कॉपर. दोन टक्क्यांच्या आत बेरिलियम, आणि उष्णतेची नीट प्रक्रिया केली की ताकद १४०० मेगापास्कलपर्यंत. वजनाने भागूनही ते एझेड ९१ ला मागे टाकतं. स्प्रिंगा आणि ठिणगी न पाडणारी हत्यारं त्याची करतात. फक्त त्याची धूळ फुप्फुसाला घातक, खेड्यातल्या लेथवर आणायची वस्तू नव्हे ती.

बावाजी_वणीवाले
इतकं गणित वाचून मायाच ब्रशकटर बंद पडला.

मीनल_पुसद
वाचनखूण साठवली. माहेरवाशीण ताई, असं आम्हाला कॉलेजात कुणी का नाही शिकवलं?

वरुडचा_संत्रेवाला
मी शिकलेला नाही एवढा, पण पाहिलेलं सांगतो.

आमच्याकडे संत्र्याला डिंक्या येतो, म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावतो. फवारायला एक टक्क्याचं बोर्डो: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. ते लोखंडी ड्रममध्ये कोणी करत नाही, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे. द्रावण जमलं की नाही बघायला विळ्याचं पातं बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला की चुना कमी पडला, अजून घाला.

तर आमच्या शेजाऱ्याचा पाठीवरचा, पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप. त्याच्या इंजिनाच्या कव्हरचे (तेही मॅग्नेशियमचंच) दोन स्क्रू पडले. एका दुकानात (नाव घेत नाही, रोजचं येणं-जाणं आहे) त्याला पितळी स्क्रू लावून मिळाले, "हे कधी गंजत नाहीत" म्हणून. आणि खरंच गंजले नाहीत! पावसाळा संपता संपता मी तो पंप बघितला. दोन्ही स्क्रू पिवळे धमक. पण भोवतालच्या कव्हरवर पांढरी फुगीर भुकटी, बोटाने घासली तर चुन्यासारखी निघे, आणि खाली खड्डा, नख आत जाईल एवढा. जिथे जुने लोखंडी, झिंक चढवलेले स्क्रू होते तिथे थोडा डाग, बस्स. टाकीच्या झाकणाखालून बोर्डो जिथे ओघळायचं ती पूर्ण रेघ काळपट आणि खडबडीत झालेली.

तेव्हा काकांना सांगा, गनमेटलचं केसिंग राहू द्या, पितळी स्क्रूसुद्धा नको.

रसायनवाले_सर
मी अकोल्याजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. संत्रेवाल्यांनी जे पाहिलं ते आमच्या बारावीच्या पुस्तकातल्या तक्त्यात आहे, फक्त पुस्तकात नख आत जात नाही.

प्रमाणित विभव मॅग्नेशियमचं उणे २.३७ व्होल्ट, तांब्याचं अधिक ०.३४ व्होल्ट. दोघांत पावणेतीन व्होल्टच्या जवळपास अंतर. दोन धातू एकमेकांना टेकलेले, वर पाण्याचा थेंब, त्यात थोडं मीठ किंवा खत, झाला सेल तयार. त्यात खालच्या विभवाचा धातू झिजतो आणि वरचा वाचतो. स्क्रू पिवळा धमक राहिला कारण त्याचा खर्च कव्हर सोसत होतं. त्यातही स्क्रू लहान आणि कव्हर मोठं म्हणून खड्ड्यावर भागलं. उलट असतं, म्हणजे मोठ्या पितळी भागात मॅग्नेशियमचा एखादा लहान स्क्रू, तर पहिल्या झडीतच त्याचा निकाल लागला असता.

बोर्डोची रेघ काळी का झाली? द्रावणातलं तांबं मॅग्नेशियमवर सूक्ष्म कणांनी बसतं, आणि प्रत्येक कण स्वतःचा छोटा सेल सुरू करतो. पंप धुवून ठेवला नाही तर फवारणी थांबल्यावरही हे काम चालू राहतं.

आमच्याकडे आणखी एक त्रास आहे, खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला-अमरावती-बुलढाण्यातल्या कितीतरी गावांत विहिरीचं पाणी खारं. त्यात मॅग्नेशियमचं काही खरं नाहीच, पण पितळेचंही फार कौतुक नको. खाऱ्या पाण्यात जास्त जस्ताच्या पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे उरतं लालसर, स्पंजासारखं तांबं. वरून कॉक शाबूत दिसतो, पान्हा लावला की गूळ मोडावा तसा हातात येतो. आमच्याकडच्या पंपाला गनमेटल किंवा फॉस्फर ब्रॉन्झच टिकतं, कारण त्यात जस्त थोडं किंवा नसतंच.

लेथवाले भाऊ, धातू मॅग्नेशियम आहे की अ‍ॅल्युमिनियम अशी शंका आली तर सोपी चाचणी: कानशीने हलकेच कोपरा उजळा आणि त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. मॅग्नेशियम असेल तर लगेच बारीक बुडबुडे येतील, अ‍ॅल्युमिनियम शांत बसेल. व्हिनेगर नसेल तर मोरचूदच्या पाण्याचा थेंब, मॅग्नेशियमवर तो बघता बघता काळा पडतो. चाचणी झाल्यावर जागा पाण्याने धुवून कोरडी करा.

झाडीपट्टीतला
म्हणजे शेवटी काय, मॅग्नेशियम कुचकामी. मोरचूद चालत नाही, मीठ चालत नाही, ग्राइंडर चालत नाही, पाणी चालत नाही. नवऱ्या मुलाच्या मावशीसारखं सगळंच चालत नाही.

बावाजी_वणीवाले
😂😂 +१

निवृत्त_ओतारी
कुचकामी असतं तर जुन्या फोक्सवॅगन बीटलचं क्रँककेस त्याचं केलं नसतं. लाखोंच्या संख्येने त्या गाड्या धावल्या. रंगाचा थर शाबूत, जोडाला योग्य वॉशर, पाणी साचणार नाही अशी बनावट, एवढं पाळलं तर एझेड ९१ डी वर्षानुवर्षं राहतं. 'डी' प्रतीचं शुद्ध अलॉय खाऱ्या फवाऱ्याच्या चाचणीत काही अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामालाही हरवतं.

त्याची खरी कमजोरी उष्णता. एझेड ९१ सव्वाशे डिग्रीच्या आसपास सतत राहिलं की ताणाखाली हळूहळू सरकायला लागतं, बोल्ट ढिले पडतात. त्यापुढे जायचं तर सिलिकॉन नाहीतर दुर्मिळ मृदा धातू घातलेले अलॉय लागतात. शुद्ध मॅग्नेशियम वितळतं ६५० ला, तांबं १०८५ ला. तुमच्या ब्रशकटरचं सायलिंडर अ‍ॅल्युमिनियमचं आणि केसिंग मॅग्नेशियमचं, ते याचसाठी.

आणि भंडाऱ्याच्या भट्टीत जसं पितळ ओततात तसं मॅग्नेशियम कधीही ओतू नका. उघड्या हवेत त्याचा रस पेट घेतो. कारखान्यात वरून संरक्षक वायूचं पांघरूण ठेवावं लागतं. पितळ ओततानाही पांढरा धूर येतो तो जस्ताचा, जस्त ९०७ डिग्रीलाच उकळतं. तो धूर नाकात गेला की रात्री हुडहुडी भरते, जुन्या ओताऱ्यांना विचारा. पण पेटत नाही, एवढा फरक.

तान्हा_पोळा
अवांतर: पोळा तोंडावर आलाय. बैलाच्या गळ्यातल्या घाटीत मॅग्नेशियम वापरलं तर हलकी होईल का? बैलाला तेवढाच आराम.

दारव्ह्याची_माहेरवाशीण
@तान्हा_पोळा हलकी होईल, पण वाजणार नाही 😀 शुद्ध मॅग्नेशियम कंपन जिरवण्यात सगळ्या बांधकामाच्या धातूंत पुढे आहे. ठोकलं तर 'थप्' म्हणून गप्प. कांस्य, म्हणजे तांब्यात वीस-बावीस टक्के कथील, ठोकलं की नाद लांबत जातो. ब्रशकटरच्या दांडीला मात्र तो 'थप्'च हवा, नाहीतर संध्याकाळी हाताला मुंग्या येतात. एझेड ९१ शुद्ध मॅग्नेशियमइतकं जिरवत नाही.

तान्हा_पोळा
समजलं. मग घाटी पितळीच. शिंगाच्या शेंब्याही.

कापूसकोंड्या
गोठ्यातल्या पितळेचा इषय निघालाच त मले एक सांगा. गोठ्यात पाण्याचा पितळी कॉक लावला होता, कोणी ठोकला नाही, वाकवला नाही, अन् उभा तडकला. असं कसं होते?

रसायनवाले_सर
अमोनिया. गोमूत्रातला युरिया कुजला की अमोनिया सुटतो. पितळेत आधीच ताण असेल, म्हणजे कॉक जोरात आवळलेला असेल किंवा थंडा ठोकून घडवलेला असेल, तर ओल आणि अमोनिया मिळून त्यात सरळ भेगा पडतात.

याची ओळखच आपल्या देशात झाली. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी कोशांना तडे जायचे. ऋतूत पडणाऱ्या भेगा म्हणून त्याला 'सीझन क्रॅकिंग' असंच नाव पडलं. अमोनिया हे कारण १९२१ साली मांडलं गेलं. उपाय म्हणजे वस्तू घडवून झाल्यावर अडीचशे-तीनशे डिग्रीला तापवून ताण काढणे. पुलगावच्या दारूगोळा डेपोत कुणी ओळखीचं असेल तर त्यांना हा विषय नवा नसेल.

तुमच्या गोठ्यात प्लास्टिकचा कॉक लावा. युरियाच्या पोत्यांजवळ पितळी फिटिंगं ठेवू नका.

कापूसकोंड्या
घ्या! म्हणजे गायीनं कॉक फोडला. बायको मलेच बोलून रायली होती.

मोटार_रिवायंडिंग_मोर्शी
शेतातल्या मोटारीचं तांबं चोरीला जाण्याला आम्ही कंटाळलो. केबल कापून नेतात, ट्रान्सफॉर्मर खाली पाडून कॉइल नेतात. मॅग्नेशियमची तार टाकली तर चोर तरी हात लावणार नाही. होईल का?

दारव्ह्याची_माहेरवाशीण
प्रश्न गमतीचा असला तरी उत्तर मजेशीर आहे. तांब्याची वीज वाहण्याची क्षमता १०० धरली तर शुद्ध मॅग्नेशियमची ३८ च्या आसपास, पितळेची २८. म्हणजे मॅग्नेशियम पितळेपेक्षा चांगला वाहक! आणि किलोमागे हिशेब केला तर मॅग्नेशियम तांब्याच्या जवळपास दुप्पट वीज नेतं.

पण मोटारीच्या स्लॉटमध्ये जागा ठरलेली असते, किलो नाही. तेवढ्याच जागेत तांबंच जास्त नेणार. शिवाय मॅग्नेशियमची बारीक तार ओढणं जिकिरीचं, कारण थंड असताना ते फारसं वाकत नाही, त्याच्या स्फटिकरचनेत घसरायला वाटा कमी. आणि टर्मिनलवर तांब्याला जोडलं की वरचीच सगळी कथा सुरू. रिवायंडिंगमध्ये तांबंच ठेवा.

मोटार_रिवायंडिंग_मोर्शी
ठेवतो. चोरांनाही हेच वाचून दाखवायला हवं.

आर्वीचा_लेथवाला
सगळ्यांचे आभार. व्हिनेगर टाकून पाहिलं, थेंब पडताच बुडबुडे. काकांच्या देखतच केलं. ते बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "सोड्यावानी फसफसते लेका."

वजनही केलं: केसिंग चारशेच्या जरा खालीच. गनमेटलचं दोन किलो हे ऐकून गिऱ्हाइकाने स्वतःच नको म्हटलं. काकांचं म्हणणं आता असं आहे की आतला बुश तरी गनमेटलचा टाक. तो टाकू का? बुश केसिंगला टेकणारच. आणि कानाचं वेल्डिंग होईल का?

निवृत्त_ओतारी
आधी वेल्डिंग. होतं, पण तुमच्या साध्या आर्कवर नाही. टिग, एसी करंट, आर्गन, आणि मॅग्नेशियमचाच रॉड (एझेड ६१ किंवा एझेड ९२). आधी तेल-पेट्रोल पूर्ण धुवायचं, रंग खरवडून काढायचा, तुकडा सावकाश गरम करायचा. नागपूरला दुचाकीच्या महागड्या केसिंगची अशी कामं करणारे आहेत. पण क्लचचं केसिंग सुटं मिळतं. त्याची किंमत आणि नागपूरला जाण्या-येण्याचा खर्च मांडून बघा, बहुतेक नवंच स्वस्त पडेल. कान मुळापासून गेला असेल तर मी तरी नवंच घेईन, कारण त्या जागी सगळा झटका येतो.

बुशचं असं: जिथे तेल-ग्रीस कायम असतं आणि पाणी पोचत नाही तिथे गनमेटलचा बुश मॅग्नेशियममध्ये चालतो, कोरड्यात सेल तयार होत नाही. उघड्यावर असेल तर नको. तिथे पोलादी बेअरिंग किंवा नायलॉनचा बुश.

स्क्रू झिंक चढवलेले पोलादी घ्या, खाली अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर (५०५२ किंवा ६०६१ प्रतीचा), आणि वॉशर स्क्रूच्या डोक्यापेक्षा चांगला रुंद, म्हणजे पाण्याच्या थेंबाला दोन्हीकडे एकदम टेकता येणार नाही. आट्यांना ग्रीस. स्टेनलेसचा स्क्रू दिसायला छान, पण तोही मॅग्नेशियमला झोंबतो, पितळेइतकाच नाही तरी बऱ्यापैकी.

वरुडचा_संत्रेवाला
वॉशरचं हे आमच्या दुकानदाराला वाचून दाखवतो.

झाडीपट्टीतला
मान्य. केसिंग मॅग्नेशियमचं, बुश गनमेटलचा, गुंड पितळेचा. पण एक राहिलं. घरच्या गिझरमध्ये मिस्त्री म्हणाला मॅग्नेशियमचा रॉड आहे. पाण्यात मॅग्नेशियम? इथे तर सगळे म्हणताहेत पाण्यात टिकत नाही.

रसायनवाले_सर
टिकत नाही म्हणूनच घातलाय. टाकी पोलादाची, हीटरची नळी बहुतेक वेळा तांब्याची. गंज कुणावर तरी येणारच, तो रॉडवर यावा म्हणून मॅग्नेशियम. रॉड झिजतो, टाकी राहते.

त्या तांब्याच्या नळीच्या आत तापणारी तार असते, आणि तार नळीला टेकू नये म्हणून मध्ये ठासून भरलेली पांढरी भुकटी असते मॅग्नेशियम ऑक्साइडची. उष्णता जाऊ देते, वीज अडवते. धातू म्हणून या दोघांचं पटत नाही, पण ऑक्साइड होऊन मॅग्नेशियम तांब्याच्या पोटात सुखाने बसतं.

झाडीपट्टीतला
मग रॉड कधी बदलायचा?

रसायनवाले_सर
खाऱ्या किंवा जड पाण्याच्या गावात वर्षातून एकदा उघडून बघा. मधली तार दिसायला लागली की बदला. वीज बंद करून, टाकी रिकामी करून मगच उघडा.

मीनल_पुसद
जुना रॉड भंगारवाल्याला अ‍ॅल्युमिनियमच्या भावात गेला तर चालेल ना?

निवृत्त_ओतारी
द्या, पण मॅग्नेशियम आहे असं सांगून द्या. पितळेच्या ढिगात तर अजिबात टाकू देऊ नका.